वेलांटी आधी की अक्षर आधी? लेखनसाधने आणि सवयींचे अनुभव

जुलैच्या अखेरीस दिवाळी अंकाची कथा अर्ध्यावर असताना माझे शाईचे पेन हातातून निसटले आणि नेमके निबेवर पडले. घरात बॉलपेनांचा तुटवडा नव्हता, तरीही कथा नऊ दिवस एका ओळीनेही पुढे सरकली नाही, आणि त्याचे कारण घरच्यांना पटेल अशा शब्दांत मला सांगता आले नाही. शाईच्या पेनाला दाब द्यावा लागत नाही. त्याची निब वर्षानुवर्षे एकाच हाताच्या कलाने झिजते, म्हणून ती दुसऱ्याच्या हातात अडखळते, आणि म्हणूनच आमच्या घरातली जुनी माणसे पेन उसने देत नसत. बॉलपेन मात्र दाबून चालवावे लागते, त्यामुळे चौथ्या पानावर माझा अंगठा दुखू लागतो आणि वाक्ये आखूड होत जातात. लिहित्या मंडळींना विनंती अशी की, कोणते साधन आवडते एवढ्यावर न थांबता, ते बदलावे लागले तेव्हा लिहिण्यात काय बदलले, हेही सांगावे.

निवृत्त लघुलेखक, सातारा :
मी १९८४ साली मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालो आणि पुढची बावीस वर्षे दिवसा कार्यालयाची पत्रे व रात्री स्वतःच्या कथा टाइपरायटरवरच बडवल्या. त्या यंत्रावर जे डोळ्यांना आधी दिसते ते आधी उमटवायचे असते. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. ‘ण’ हवा असेल तर आधी अर्धा ‘ण्’ आणि मग त्याला काना. संगणकावरील इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत क्रम उच्चाराचा आहे, म्हणजे आधी ‘क’ आणि मग वेलांटी. फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु मुरलेल्या बोटांना तो मान्य होईना. वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटत आणि त्या निस्तरेपर्यंत वाक्यामागचा विचार निघून गेलेला असे. तब्बल वर्षभर मी कथा लिहिली नाही. शेवटी टंकलेखन शिकवणाऱ्या एका तरुणाने संगणकातच रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरचीच मांडणी बसवून दिली. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर आणला आणि २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. माझी बोटे मात्र अजून तिथेच नोकरीला आहेत. खोडण्याची धड सोय नसल्यामुळे वाक्य मनात पुरे झाल्याशिवाय कळीला हात लावायचा नाही, ही सवयही तेव्हाचीच, आणि ती मोडावी असे मला वाटत नाही.

संगणक अभियंता, न्यू जर्सी :
मी रोमन अक्षरांतून मराठी टंकते. ‘ळ’ आणि ‘ण’साठी मोठी अक्षरे वापरायची, हे लवकर अंगवळणी पडले, अडले ते ‘दुसऱ्या’पाशी. साधा ‘र’ आणि ‘य’ जोडले की रफार होऊन ‘दुसर्या’ असे काहीतरी उमटे आणि मराठीतला तो आडवा, पापणीसारखा अर्धा ‘र’ काही केल्या येत नसे. मग मी नकळत ते शब्दच टाळू लागले. ‘तऱ्हा’ची ‘रीत’ झाली, ‘दुसऱ्या दिवशी’चे ‘पुढच्या दिवशी’ झाले. एका संपादकांनी हसत विचारले, “तुमच्या कथांमध्ये दुसरा दिवस कधीच कसा उजाडत नाही?” तेव्हा कुठे मला माझी युक्ती उमगली. नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ आधी घेऊन त्याला ‘य’ जोडला की काम होते, हे कळायला मला चार वर्षे लागली.

पत्रकार, कोल्हापूर :
माझी सुरुवात खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छापणाऱ्या छापखान्यात झाली. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस लिहावा, असा दंडक होता, कारण एकाच लेखाची पाने खिळे जुळवणाऱ्या दोन-तीन जुळाऱ्यांमध्ये वाटली जात आणि मागच्या बाजूचा मजकूर हमखास राहून जाई. खिळे गेले, जुळारी गेले, परंतु माझ्या वहीची डावी पाने आजही कोरीच राहतात. पहिला खर्डा मात्र पाठकोऱ्या कागदांवरच होतो. कोऱ्या करकरीत कागदावर चुकण्याची मला भीती वाटते.

अनुवादक, डोंबिवली :
हे सारे आवडीने वाचले, तरीही एक शंका नोंदवते. पेन, निब आणि मांडणी यांचा जिव्हाळा जोपासायला स्वतःचे टेबल आणि स्वतःचा वेळ लागतो. माझे दोन संपूर्ण अनुवाद लोकलमध्ये, बहुधा उभ्याने, एका हाताने फोनवर झालेले आहेत आणि उरलेली सुधारणा मुले झोपल्यावर स्वयंपाकघरातील ओट्यापाशी. साधन बदलल्यामुळे माझे काही अडले नाही. फोनची बॅटरी संपल्यामुळे मात्र पुष्कळदा अडले.

मूळ लेखक :
शेवटचा अनुभव वाचून मी ओशाळलो, हे कबूल करतो. निब बदलून आली आहे, परंतु नवी असल्याने कागदाला खरखरते. ती रुळेपर्यंत कथा पेन्सिलीने, कोल्हापूरकरांप्रमाणेच पाठकोऱ्या कागदांवर चालू आहे आणि आज तिची दोन पाने झाली.