लालबुंद की लालभडक? आज रात्रीपर्यंत मदत हवी आहे

शाईचा_डाग: लालबुंद, लालभडक, लालचुटुक यांतला बरोबर शब्द कोणता? संपादकांनी 'लालबुंद'खाली रेघ मारून परत पाठवलंय. रात्री मजकूर द्यायचाय. प्लीज, कुणीतरी पटकन सांगा.

ओसरी: लाल काय आहे ते तरी सांगा! साडी, डोळे, मिरची?

जुनी_वही: तिन्ही सोडा, 'किरमिजी' लिहा. ज्या किड्यापासून हा रंग काढत, त्याच्यावरून अरबी-फारसीत नाव पडलं आणि तिथून आपल्याकडे आलं. इतका सुंदर शब्द आता कुणी वापरतच नाही.

ओसरी: अहो, किरमिजी गडद असतो. यांना झळझळीत लाल हवाय.

शाईचा_डाग: सांगायचं राहिलंच. गुंज आहे. लहान मुलांची गोष्ट आहे, मुलीला रानात सापडते.

परसदार: ताई, गुंज विषारी असते! बी चावून फुटली तर जिवावर बेतू शकतं. मुलांच्या गोष्टीत घेताना जपून.

तोळामासा: आमचे आजोबा सोनं गुंजांनीच तोलायचे. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा.

ओसरी: विषय रंगाचा आहे. लालबुंद कधी म्हणतो आपण? रागाने चेहरा लालबुंद, उन्हात खेळून आलेल्या पोराचे गाल लालबुंद. रक्त चढलं की. लालभडक डोळ्यांवर येतो, 'भडक' म्हणताना थोडी नापसंती असतेच. लालचुटुक म्हणजे इवलंसं, तकतकीत, हातात घ्यावंसं वाटणारं. पोपटाची चोच, विड्याने रंगलेले ओठ.

जुनी_वही: रक्ताचं पटत नाही. कलिंगड कापलं की 'लालबुंद निघालं' म्हणतोच ना?

ओसरी: हो, खरंय. पण तेही रसाने भरलेलं असतं. गुंज कोरडी, टणक.

मसाल्याचा_डबा: लाल रंग हवा तर बेडगीच घ्या. तिखट कमी, रंग भरपूर.

शाईचा_डाग: ओसरी, मनापासून आभार! 'तळहातावर एक लालचुटुक गुंज, टोकाला काळा ठिपका' असं करून पाठवलं. परसदार, मुलगी ती तोंडात घालत नाही, आधी आईला दाखवते, हे वाक्यही घातलं.

परसदार: बरं वाटलं वाचून.

सांडगे_पापड: बेडगीत संकेश्वरी किती घालावी? एक किलोचा मसाला करायचाय.