ऑफिसच्या राऊटरचं वेब पान बंदच ठेवावं का?

तारजोडणी (धागाकर्ता):
ऑफिसच्या राऊटरला ब्राउझरमधून हात लावायची सोयच नको, असं माझं ठाम मत आहे. एसएसएच (टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून दूरून राऊटर चालवायची सुरक्षित सोय) चालू ठेवा, तेही ठराविक आयपी पत्त्यांवरूनच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई या राऊटर-स्विचच्या सॉफ्टवेअरमधली वेब यूआयची (ब्राउझरमधल्या पानाची) त्रुटी उघड झाली. गांभीर्य १० पैकी १०. पासवर्ड ठाऊक नसलेला बाहेरचा माणूस लेव्हल १५ चं, म्हणजे पूर्ण अधिकारांचं खातं तयार करू शकत होता. पॅच (दुरुस्ती) येण्याआधी कंपनीनेच सांगितलं, की इंटरनेटला उघड्या उपकरणांवर एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे वेब पान देणारा भाग, बंद करा. 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर' आणि 'नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर', या दोन ओळी राऊटर बसवतानाच द्यायला हव्यात.

शिवाय कमांड लाइनमुळे कॉन्फिग, म्हणजे राऊटरची सगळी सेटिंग्ज, मजकूर म्हणून हातात राहतो. कालची आणि आजची फाइल शेजारी ठेवली की बदललेली ओळ दिसते.

आतलापोर्ट:
पटलं नाही. कॉन्फिग वेबवरून बदला नाहीतर टर्मिनलवरून, चालू सेटिंग्ज दाखवणाऱ्या 'शो रनिंग-कॉन्फिग' कमांडमध्ये तेच उतरतं. बॅकअप घेतला की फरकही दिसतो.

आणि दोष वेबचा की इंटरनेटकडे उघड्या ठेवलेल्या पोर्टचा? २०१८ ची मायक्रोटिक राऊटरची गाजलेली त्रुटी विनबॉक्स या त्यांच्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या सोयीची होती, ब्राउझरची नव्हे. पॅच एप्रिलमध्येच आला, तरी विनबॉक्सचं ८२९१ पोर्ट उघडं असलेले राऊटर नंतरही कित्येक महिने बळी पडत राहिले. व्यवस्थापन आतल्या व्हीलॅनपुरतं (त्याच तारांवर वेगळं ठेवलेल्या छोट्या नेटवर्कपुरतं) ठेवा, मग वेब असो वा एसएसएच.

कमांड लाइन तरी कुठे सांभाळून घेते? सिस्को स्विचच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन ३० वाढवायचा आहे. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०' मधलं 'ॲड' राहिलं, की आधीची सगळी यादी जाऊन एकटा ३० उरतो. एंटर मारताच बाकीचे व्हीलॅन बंद, स्विच एका शब्दाने विचारत नाही. ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या लुसी या वेब पानात मात्र बदल लागू केल्यावर पान राऊटरशी पुन्हा संपर्क होतोय का ते तपासतं. ठरल्या वेळात झाला नाही, तर जुनी सेटिंग्ज आपोआप परत येतात.

तारजोडणी:
'ॲड'चा मुद्दा मान्य, तो सगळ्यांनाच चावतो. पण परतीची सोय टर्मिनलवरही आहे, वापरणारे कमी. मायक्रोटिकमध्ये कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड लावा, सेशन तुटलं की बदल मागे जातात. ज्युनिपर राऊटरचं 'कमिट कन्फर्म्ड' १० मिनिटांत दुसरं कमिट (बदल पक्का करायची कमांड) आलं नाही तर जुन्या कॉन्फिगवर जातं. सिस्कोवर काम सुरू करण्याआधी 'रीलोड इन १०' द्या, म्हणजे १० मिनिटांनी रीबूट ठरतो. सेव्ह न केलेलं सगळं रीबूटमध्ये निघून जातं. काम नीट झालं, तर मात्र 'रीलोड कॅन्सल' आठवणीने द्या.

काउंटरवाली:
तुमच्या दोघांच्या वादात आम्ही कुठेच नाही. छोट्या दवाखान्यात आयटीवाला महिन्यातून एकदा येतो. पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड बदलायला मला टर्मिनल शिकवणार का? मायक्रोटिकच्या वेबफिग या वेब पानात स्किन (काय दिसावं याचा साचा) करून माझ्यापुरता एवढाच रकाना दाखवता येतो. ती सोय काढून घेऊ नका.

तारजोडणी:
ताई, गरज खरी आहे, पण त्यासाठी तुमच्या खात्याला राईट, म्हणजे बदल करायची, परवानगी लागेल. ती एका रकान्यापुरती देता येत नाही. त्याच खात्यातून फायरवॉलचे नियमही बदलता येतात. स्किन फक्त रकाने लपवते.