अजिंठ्याची चित्रं: फ्रेस्को की टेम्पेरा?

प्रश्न: नोट्समध्ये दोन्ही शब्द सापडतात. पेपरात काय लिहायचं?

प्रतिसाद १: टेम्पेरा. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग देतात. चुना घट्ट होताना रंग पकडून ठेवतो. अजिंठ्यात मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस नि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग, हाच टेम्पेरा. म्हणूनच ओल लागली की पापुद्रे सुटतात.

प्रतिसाद २: काळ ओळखायला निळा शोधा. ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतल्या इसवी सनापूर्वीच्या चित्रांत तो नाही. १, २, १७ मध्ये, म्हणजे ५ व्या शतकात, लाजवर्दी (लाजवर्द या दगडाचा निळा) दिसतो. दहामध्ये नंतरचीही चित्रं आहेत, गफलत तिथेच होते.

प्रश्नकर्ता: आणि चित्रांवरची ती पिवळट झाक?

प्रतिसाद १: मूळची नव्हे. १९२० च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी दिलेल्या लाखेच्या वॉर्निशची.