आजोबांची ठासणीची बंदूक: चकाचक करू की तशीच ठेवू?

माळ्यावरची_पेटी:
आजोबांची ठासणीची (तोंडातून दारू-गोळी गजाने ठासायची) बंदूक आहे. शेतसंरक्षणाचा परवाना, बाबांच्या मागे माझ्या नावावर झालाय. मी काही डुकरं मारायला जाणार नाही, नुसती ठेवायचीय. घोड्याजवळच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ आणि १८६२. नळी तपकिरी पडलीय, दस्त्यावर गाल टेकायच्या जागी तेलकट काळा डाग. ओळखीचा कारागीर म्हणतो, बफ मारून निकेल चढवतो, दस्ता घासून पॉलिश करतो, नळी सहा इंच कापली की हलकीही होईल. बायको म्हणते करा, आई म्हणते हात लावून तर बघ.

रंदा_कानस:
आईचं ऐका. काकांच्या दुनळीची मी स्वतः वाट लावलीय. नळ्या पिळाच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या. अंगावर नागमोडी नक्षी. मी पॉलिश पेपर मारला, ती पुसट झाली. मग एकाकडून गरम काळं, म्हणजे उकळत्या रसायनात बुडवून काळा रंग, चढवून घेतलं. त्या उकळत्या कॉस्टिकने नळ्यांमधल्या पट्टीचं डाखच (जोडाचा मऊ धातू) खाल्लं. नळ्या सुटल्या!

तुमची १८५३च्या एनफिल्डच्या, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या ठासणीच्या रायफलीच्या, घडणीची वाटते. नळीवर तीन कड्या आहेत का? मूळ नळी ३९ इंची असते, मोजा. घट्ट बसलेला तपकिरी थर राहू द्या. बोटाला लाल भुकटी लागते तेवढीच तेलाच्या फडक्याने पुसा. गालाचा डाग तर अजिबात घासू नका, तो आजोबांचा आहे.

बांधावरचा:
नळी कापायचं डोक्यातून काढा. परवानगीशिवाय आखूड करणं शस्त्र कायदा १९५९, कलम ६ खाली गुन्हा आहे. आणि ‘एवढ्या जुनीला परवाना कशाला’ म्हणणारे भेटतील. दुरुस्त करूनही उडणार नाही अशीच जुनी बंदूक कलम ४५मध्ये सुटते.

माळ्यावरची_पेटी:
कड्या तीनच. बाहेरून ३९ इंच भरली. पण ठासायचा गज आत सोडला तर ३६ वरच अडला.

रंदा_कानस:
थांबा. नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या पेचाचा फार तर इंचभर धरा. उरलेल्या दोन इंचांत बार, म्हणजे ठासलेली दारू-गोळी, असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत असते. गजाने ठोकू नका, तापवू नका, तोंड कुणाकडे नको. परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्यालाच दाखवा.

माळ्यावरची_पेटी:
त्यांना फोन केलाय, उद्या येतायत. बाबांनी कधी उडवलीच नव्हती. आई म्हणते, आजोबा गेले त्या पावसाळ्यात भातात डुकरं उतरली होती, तेव्हाच ठासली असेल. हे ती मला आज सांगतेय, चाळीस वर्षांनी.