झोरान जिंजिच यांनी न्यायालयाला डावललं ते योग्य होतं का?

पाणवठा (धागा)

सर्बियाचे पंतप्रधान झोरान जिंजिच यांची १२ मार्च २००३ रोजी बेलग्रेडमध्ये, सरकारी इमारतीच्या दारात हत्या झाली. जेमतेम दोन वर्षांची कारकीर्द. तिच्यातला एक निर्णय आजही वादाचा आहे.

माजी अध्यक्ष मिलोशेविच तेव्हा बेलग्रेडच्या तुरुंगात होते. त्यांना हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाकडे सोपवण्याच्या वटहुकमाला युगोस्लाव्हियाच्या (सर्बिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या संघराज्याच्या) घटना न्यायालयाने २८ जून २००१ रोजी स्थगिती दिली. जिंजिच सरकारने त्याच दिवशी सर्बियाच्या राज्यघटनेतल्या १३५व्या कलमाचा आधार घेतला आणि संध्याकाळी मिलोशेविच यांना देशाबाहेर रवाना केलं.

माझ्या मते त्यांनी अगदी योग्य केलं. हे कलम १९९० साली मिलोशेविच यांच्याच राजवटीने, संघराज्याचं ऐकावं लागू नये म्हणून घातलेलं. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्समध्ये मदत देणाऱ्या देशांची परिषद होती आणि तिथे सुमारे १२८ कोटी डॉलर जाहीर झाले. निर्बंध, १९९३ ची भयानक महागाई आणि १९९९ चे बॉम्बहल्ले यांतून निघालेल्या देशाला कोर्टाच्या तारखा परवडणाऱ्या नव्हत्या.

उंबरठा

साफ असहमत. सप्टेंबर २००० मध्ये लोकांनी मिलोशेविच यांना हरवून कोश्तुनित्सा यांना युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष म्हणून निवडलं, आणि त्या अध्यक्षांनाच आधी कळवलं नाही! ते स्वतः कायद्याचे अभ्यासक. कायद्याच्या वाटेनेच जाऊ, असा त्यांचा आग्रह होता. हुकूमशाही संपवून आलेल्या सरकारने स्थगिती काही तासांत धाब्यावर बसवली, तर पुढच्यांनी न्यायालयाला का मानावं? तारीखही विदोव्दानची, १३८९ च्या कोसोवोच्या लढाईचा स्मृतिदिन. निम्म्या देशाला तो अपमान वाटणार हे उघड होतं.

पाणवठा

तारखेचं मान्य. पण कोश्तुनित्सांची वाट धरली असती तर मिलोशेविच यांच्यावर खटला चालला असता तो पैशांच्या अफरातफरीचा. १ एप्रिलची अटक त्यासाठीच होती. १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात झालेल्या मुस्लिमांच्या कत्तलीचं काय?

काळी माती

तुम्ही दोघंही १३५व्या कलमात अडकलात. खरा प्रश्न ५ ऑक्टोबर २००० च्या, म्हणजे मिलोशेविच यांना पायउतार करणाऱ्या जनआंदोलनाच्या, आदल्या रात्रीचा आहे. जिंजिच तेव्हा विशेष पोलीस पथकाचा कमांडर उलेमेक ऊर्फ ‘लेगिया’ याला भेटले आणि पथक जमावावर गोळी झाडणार नाही असं ठरलं. संसद पेटली तरी रक्तपात टळला, हे श्रेय त्यांचं. पण युद्धात हात रंगलेलं, गुन्हेगारी टोळ्यांशी संधान असलेलं ते पथक नव्या राज्यातही शाबूत राहिलं. नोव्हेंबर २००१ मध्ये, हेगसाठी अटका झाल्यावर, त्याने बेलग्रेडचा महामार्ग अडवला. सरकार नमलं, गुप्तचर खात्याचे प्रमुख बदलले. पुढे जिंजिच यांच्यावर गोळी झाडणारा योवानोविच याच पथकाचा.

उंबरठा

माझा मुद्दा हाच! १९९४ मध्ये बोस्नियातल्या पाले इथे बोस्नियन सर्बांचा नेता काराजिच याला युद्ध चालू असताना भेटायला जाणं असो की ही रात्रीची बोलणी, जिंजिच यांना नेहमी आडवाट जवळची वाटली. लोकशाही संवादाचा पुरस्कार करणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासच्या विद्यार्थ्याने असं करावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाणवठा

पालेची भेट मीही समर्थनीय मानत नाही. पण १९९६-९७ च्या हिवाळ्यात हीच माणसं बर्फात महिनोन्‌महिने शांतपणे मोर्चे काढत होती. निवडणुकीचे निकाल फिरवून चोरलेल्या पालिका परत मिळाल्या, जिंजिच महापौर झाले आणि काही महिन्यांत पायउतारही झाले. सरळ वाट त्यांनी चालून पाहिली होती. २००० मध्ये त्यांच्या हातात ना लष्कर होतं ना पोलीस. ‘लेगिया’शी बोलायचं नाही, तर मग कुणाशी?

काळी माती

त्या रात्री बोलणं भागच होतं, हे मीही म्हणतो. पण २५ जानेवारी २००१ ला पंतप्रधान झाल्यावर पथक का मोडलं नाही? हत्येनंतर आणीबाणीत दहा हजारांवर लोक ताब्यात घेतले आणि दोन आठवड्यांत पथक बरखास्तही झालं. २००१ मध्ये सत्ताधारी आघाडीत अठरा पक्ष होते, कोश्तुनित्सांशी वाद होता, हे सगळं धरूनही मला वाटतं, नोव्हेंबरच्या बंडाआधी एक संधी होती. पाणवठा, ती नव्हतीच असं तुमचं मत असेल तर कारणं सविस्तर लिहा.