आधी केसपेपर मागा

'ऑपरेशन बिघडलं की आधी पोलिसांत जा' असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की फौजदारी गुन्ह्यासाठी डॉक्टरचा हलगर्जीपणा घोर स्वरूपाचाच लागतो. शिवाय पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगात जा. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे १९९५ सालीच ठरलंय. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं रुग्णालय त्यात येत नाही, तिथे दिवाणी कोर्ट.

पण त्याआधी केसपेपर मागा. लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत प्रती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. नर्सच्या नोंदी, भूलतज्ज्ञाचा कागद, संमतिपत्र, सगळं मागा. रात्री दोनला ताप चढला आणि डॉक्टर सकाळी आठला आले, हे नर्सच्या नोंदीतच सापडतं. ग्राहक आयोगातल्या तक्रारीची मुदत दोन वर्षं. 'थांबा, होईल बरं' ऐकण्यात ती निघून जाते, याची फार चीड येते.

आणि गुंतागुंत झाली म्हणजे चूक झालीच असं नाही. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवून घ्या.