नकाशाच्या कडा ताणल्या जातायत? घात वाढवू नका, बिंदू पसरा

स्कॅन केलेला नकाशा जिओरेफरन्स करताना, म्हणजे त्यावरचे ओळखीचे बिंदू खऱ्या जागांशी जुळवून बसवताना, तो मधे नीट बसतो पण कडांना रबरासारखा ताणला जातो, आणि सात बिंदू देऊनही पॉलिनॉमियल 3 (तिसऱ्या घाताच्या समीकरणाने नकाशा वाकवून बसवणं) चालत नाही, असं तुम्ही लिहिलंय. चालणारच नाही, त्याला किमान 10 बिंदू लागतात (2 ला 6, 1 ला 3). पण चाललं असतं तरी उपयोग नव्हता. घात जितका वरचा, तितका बिंदूंच्या बाहेरचा भाग बेफाम वाकतो. तुमचे बिंदू सगळे मधेच गोळा झालेले असणार. चारही कोपऱ्यांजवळ बिंदू घ्या आणि पॉलिनॉमियल 1 नेच सुरुवात करा. बिंदू रस्त्यांच्या चौकावर किंवा पुलाच्या टोकाशी घ्या, नदीच्या वळणावर नको, पात्र सरकतं. मी हे एका जुन्या नकाशावर दोन दिवस घालवून शिकलोय.

थिन प्लेट स्प्लाइनमध्ये (नकाशा लवचिक पत्र्यासारखा वाकवणारी पद्धत) रेसिड्युअल, म्हणजे बिंदूवर उरलेली चूक, शून्य दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते प्रत्येक बिंदूतून जातंच, चुकीच्या बिंदूतूनसुद्धा! तीन-चार बिंदू बाजूला ठेवा आणि त्यांवर ताडून बघा.

आकार शाबूत असून अख्खा नकाशा एकाच दिशेला सरकला असेल, तर मात्र डेटम (पृथ्वीच्या आकाराचं गृहीत धरलेलं मॉडेल) किंवा सीआरएस (जागेचे आकडे मोजण्याची पद्धत) तपासा. अक्षांश-रेखांश भरून सीआरएस 3857 (वेब नकाशांची, मीटरमध्ये मोजणारी) ठेवलं, तर अंश मीटर समजले जातात आणि नकाशा आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात टिकलीएवढा होऊन पडतो.

रेसिड्युअलचा तक्ता इथे टाका, कुठला बिंदू चुकलाय ते बघू.